डंकाला जोडी लागते

धनेशदादाला अंथरुणातून उठायला पाऊण तास लागतो. मी घड्याळ लावून बघितलंय. आधी डोळे उघडतात आणि मग बराच वेळ नुसते डोळेच उघडे असतात. मग उजव्या हाताची बोटं. ती एकदम मिटत नाहीत. करंगळीपासून एकेक मिटते आणि अंगठ्याशी येऊन मूठ अर्धीच राहते. मग तो कुशीवर होतो, भिंतीला हात लावून बसतो आणि भिंतीकडेच बघत राहतो. तो तेवीस वर्षांचा आहे.

मेचा पहिला आठवडा होता. साडेसहालाच करी रोडच्या आमच्या चाळीत पाठीवरून घाम ओघळत होता. समोर टॉवर झाल्यापासून तिसऱ्या मजल्यावरही वारा येत नाही. बाबा केसांना तेल लावून, डबा हातात घेऊन दारात उभे होते.

"उठला काय?"

"उठतोय," आई म्हणाली. तिने पातेल्यात गरम पाणी आणलं होतं. दादा त्यात हात बुडवून बसला होता, त्याने बोटं सुटतात.

"कालपण उठतच होता. साडेसातला डंक चालू होतो, सुचित्रा. शेठ काय याच्या मुठी वळायची वाट बघत बसणार?"

"अहो, जरा हळू."

"हळूच बोलतोय. रिपोर्ट काय म्हणतो? नॉर्मल. रक्त नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल, ते पट्टे लावून काढलेलं नॉर्मल. मग माणसाने पण नॉर्मल राहायचं."

दादाने हात पाण्यातून काढले. टॉवेलने हात पुसताना त्याचा चेहरा वाकडा झाला. टॉवेलसुद्धा लागतो त्याला. हे मी सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही, पण वाळलेला टॉवेल जोरात फिरवला की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं.

मग दोघं जिना उतरले. बाबा पुढे, दादा मागे कठड्याला धरून. मी गॅलरीतून वाकून बघत होते. खाली गेल्यावर बाबा थांबले नाहीत.

---

लालबागच्या मसाला गल्लीत हेरंबशेठचं दुकान आहे. पुढे मिरच्यांच्या गोण्या, मध्ये भाजायची भट्टी आणि मागे ओळीने तीन डंक. डंक म्हणजे जमिनीत बसवलेलं लोखंडी उखळ आणि त्यात मोटारीवर वरखाली होणारी मुसळं. आमचा मधला. आमचा म्हणजे शेठचाच, पण बाबा त्याच्यावर एकवीस सीझन बसलेत, म्हणून घरी आम्ही आमचा म्हणतो.

डंकाला जोडी लागते. एक जण उखळाशी बसून मुसळ वर गेलं की माल आत सारतो. दुसरा कुटलेलं घमेल्यात काढून चाळतो, राहिलेला जाडा भरडा परत पहिल्याकडे देतो, आणि मधेमधे गोण्या आणतो. एकाचा हात थांबला की दुसऱ्याचा थांबतो. मार्च ते मे सगळी मुंबई वर्षाचा मसाला करून घेते, त्यामुळे शेठचा नियम एकच. ज्याची जोडी पुरी, त्याचा डंक. बाबांची जोडी पूर्वी आमच्या काकांबरोबर होती. ते गावी गेले तेव्हापासून चार वर्षं दादा.

पहिली दोन वर्षं दादा काय चाळायचा. मोठी चाळण दोन्ही हातांनी अशी झुलवायचा की बायका बघत बसायच्या. मग दोन वर्षांपूर्वी त्याला ताप आला, डेंग्यू. ताप गेला, दुखणं राहिलं. आधी वाटलं, अशक्तपणा आहे. मग वाटलं, कॅल्शियम. मग शेजारच्या शांतामावशीने दृष्ट काढली. शेवटी परळच्या मोठ्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईने त्याच्या मानेवर, खांद्यावर, कोपराशी, गुडघ्याशी नुसतं बोट दाबलं आणि प्रत्येक वेळी दादा खुर्चीवरून उठायला लागला. तेव्हा ती म्हणाली, फायब्रोमायाल्जिया. मी बरोबर होते. मी तो शब्द वहीत लिहून घेतला, कारण बाबा विचारणार हे मला माहीत होतं.

बाबांनी तो विचारलाच नाही. बाबांनी विचारलं, "ऑपरेशन आहे का?"

"नाही."

"मग प्लास्टर?"

"नाही, बाबा," मी म्हणाले. "गोळी आहे रात्रीची. झोप नीट लागायला. आणि रोज थोडं थोडं चालायचं."

"झोपेचा आजार म्हणजे," बाबा म्हणाले, आणि तिथेच तो विषय त्यांनी संपवला.

---

सुट्टी लागली होती, म्हणून मी दुपारचा डबा घेऊन दुकानात जायचे आणि संध्याकाळपर्यंत मिरच्यांची देठं काढत बसायचे. त्याला कुणाची हरकत नव्हती. देठं काढायला आणि भाजायला बायका असतातच, डंकावर नसतात. या वर्षी मी आंतरशालेय वक्तृत्वात पहिली आले होते. आठवीपर्यंत वर्गात हात वर करायला घाबरणारी मी, आता कुठेही बसले तरी बोलत होते. भट्टीवरच्या वैशालीताई म्हणायच्या, "दिशा, मिरचीने आमचा घसा जातो, तुझा कसा उघडतो गो?"

डंकावर आपला नंबर आला की गिऱ्हाईक स्टूल घेऊन समोर बसतं. मसाला पुरा कुटून, चाळून डब्यात जाईपर्यंत उठत नाही. न जाणो, आपली बेडगी मिरची दुसरीच्या लवंगीत गेली तर. आधी तिचेच मूठभर धणे उखळात घालून कुटतात आणि फेकून देतात, म्हणजे आधीच्या बाईचा वास निघून जातो. याला डंक झाडणं म्हणतात. आणि मग ती बाई तासभर बसते, बोलते, सगळं बघते. डंकावर काही लपत नाही.

त्या दिवशी स्टुलावर माझगावच्या एक काकू होत्या. दादाने चाळण धरली होती. दहा वेळा झुलवली की खाली ठेवायचा, मनगटं दाबायचा, परत उचलायचा. बाबांच्या बाजूला भरड्याची वाट बघत उखळ अर्धं रिकामं झालं होतं.

"चाळतोय का पाळणा हलवतोय?" पलीकडच्या डंकावरून दिनेशकाका ओरडले. डंकांच्या धडधडीत ओरडूनच बोलावं लागतं. "राजेश, पोराला बाळंतविडा दे."

काकू हसल्या. वैशालीताईही हसल्या. बाबा हसले नाहीत, पण दिनेशकाकांना काही बोललेही नाहीत. उठून दादाच्या हातातून चाळण घेतली आणि स्वतःच चाळायला लागले. मुसळं बंद केली होती. तेवढ्यात शेठने गल्ल्यावरून मान वर करून मधल्या डंकाकडे बघितलं. एक डंक गप्प झाला की गल्लीतसुद्धा कळतं.

दादा उभाच होता, हात दोन्ही बाजूंना सोडून. मी त्याच्याजवळ पाण्याची बाटली नेली.

"झाकण काढून दे," तो हळूच म्हणाला.

---

बुधवारी मात्र काय झालं कुणास ठाऊक. दादा सहाला उठला. पाऊण तास नाही, दहा मिनिटं. आईला म्हणाला, "आज बरं वाटतंय." आई त्याच्याकडे बघतच राहिली आणि चहा उतू गेला.

मी दुपारी दुकानात पोचले तेव्हा दादाचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि तो चाळत होता. झुलवत होता, पहिल्यासारखा. गोण्या खांद्यावरून आणत होता. एक, दोन, पाच. डंकाची धडधड थांबतच नव्हती. बाबा माल सारताना मान डोलवत होते.

"काय दिनेश," बाबा ओरडले, "पाळणा दिसतो काय आता?"

"नाही बा. आज इंजिन लावलंय."

मीपण टाळ्या वाजवल्या. लाज वाटते आता, पण वाजवल्या. "दादा, अजून एक," म्हणत मीच त्याला गोण्यांकडे ढकलत होते. संध्याकाळी बाबांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघ. मनावर घेतलं की होतं. एवढंच सांगत होतो दोन वर्षं."

थाप बसली तेव्हा दादाने ग्लास घट्ट धरला. मला म्हणाला, "दिशा, उद्या बघ."

"उद्या काय?"

"डॉक्टरीणबाई म्हणाली होती. ज्या दिवशी बरं वाटेल, त्या दिवशी सांभाळायचं. थकायच्या आधी थांबायचं."

"मग थांबला का नाहीस?"

तो बाबांकडे बघत होता. बाबा रसवाल्याला सांगत होते, माझा मुलगा, चार वर्षं डंकावर आहे.

---

गुरुवारी तो उठलाच नाही.

मूठ तर सोडा, उशीवरून डोकं उचलेना. गॅलरीतून ऊन येत होतं ते डोळ्यांना सहन होईना, म्हणून आईने दारावर चादर लावली. अंगावर घातलेली चादर त्याने पायाने ढकलून दिली, कारण तीसुद्धा जड होत होती. शेजारच्या खोलीत मिक्सर लागला तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले. मी चमच्याने पेज भरवली. दोन चमचे झाले आणि तो म्हणाला, "चावायचा पण कंटाळा येतोय." पेज चावावी लागत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

बाबा पलंगाशी उभे राहिले. चिडलेले नव्हते. तेच जास्त वाईट होतं. फसवल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"काल झाला ना? सगळ्यांसमोर झाला. मग आज कित्याक नाय?"

बाबा मालवणीत गेले म्हणजे मनातून बोलतात.

"बाबा, काल केलं म्हणूनच आज..."

"म्हणजे काम केल्यावर आजारी, नाही केलं तर बरा. असा आजार मला पण दे रे बाबा."

ते एकटेच गेले.

दुपारी मी डबा नेला तेव्हा बाबा उखळावरून उठत होते, चाळत होते, परत बसत होते. मुसळं चालू, बंद, चालू, बंद. रांगेतल्या बायका कुरकुरत होत्या. बाबांचे डोळे तिखटाने लाल झाले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

हेरंबशेठ जवळ आले. शेठ वाईट माणूस नाही. बाबांना कधी अरेतुरेपलीकडे बोलले नाहीत. "राजेश, सोमवारपर्यंत बघतो. दिनेशचा भाचा गावाहून आलाय, त्याच्या जोडीला माणूस पण आहे. सीझनचे तीन आठवडे राहिलेत. मी मधला डंक असा अर्धा चालवू शकत नाही."

"धनेश येईल, शेठ."

"सोमवारी जोडी उभी दिसली पाहिजे. नाहीतर तू भट्टीवर ये, तुला काम आहेच."

एकवीस वर्षं डंकावर बसलेल्या माणसाला भट्टीवर बसायला सांगितलं. बाबांनी नुसती मान हलवली. शेठ गेल्यावर त्यांनी मुसळं चालू केली आणि उखळात एवढा माल एकदम ढकलला की मुसळ अडकलं.

---

शनिवारी मी चाळणीवर उभी राहिले. बाबा नको म्हणाले, मी ऐकलं नाही. अर्ध्या तासात खांदे पेटले. मला धड अर्धा तास चाळता येत नव्हतं, आणि मला काही झालेलं नव्हतं.

स्टुलावर राधाबाई होत्या. शिवडीला मासे विकतात, दरवर्षी पाच किलो मिरची आणतात आणि पूर्ण दुकानाची उलटतपासणी घेतात.

"तो तुझा भाऊस कुठं गेला गो बाय? नाजूक?"

"घरी आहे."

"परत? राजेश, त्याचं लगीन कर. बायको आली का सकाळी पाचला उठंल." बायका हसल्या. "मी साठ वर्षांची, डोक्यावर पाटी घेऊन भाऊच्या धक्क्यावरून येते. माझं नाय दुखत? आजकालच्या पोरांना दुखायला काय, निमित्त पायजे."

बाबा खाली मान घालून माल सारत होते. मी चाळण ठेवली, धण्याच्या गोणीवर चढले आणि बोलायला लागले. वक्तृत्वात सांगतात ना, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला पाहिजे. डंकाच्या धडधडीतही पोचला.

"माझ्या भावाला फायब्रोमायाल्जिया आहे. तो आळशी नाही. टीव्हीचा आवाज कुणी फुल केला आणि रिमोट हरवला, तर जे होईल ते त्याच्या अंगात झालंय. साधा हात लागला तरी ते त्याला मारल्यासारखं लागतं. रात्रभर झोपतो आणि सकाळी न झोपल्यासारखा उठतो. रिपोर्टात येत नाही, कारण रिपोर्ट हाडं बघतात, दुखणं बघत नाहीत. त्याला विसरायला होतं, त्याला आवाज सहन होत नाही, आणि तरी तो या डंकाशेजारी रोज उभा राहतो. तुमच्यापैकी कुणी राहून दाखवा."

छान झालं भाषण. मला स्वतःला छान वाटलं. मग मी खाली बघितलं आणि बाबांचा चेहरा दिसला.

बाबांनी मुसळं बंद केली होती. शेठ गल्ल्यावरून उठून आले होते.

"आजार आहे?" शेठ म्हणाले. "राजेश, हे मला कधी बोलला नाहीस. विसरायला होतं म्हणते ही. उखळात हात गेला तर? माझ्या दुकानात बोटं गेली तर मी काय करू?"

बाबा उठून उभे राहिले. अंगावर मिरचीची लाल पूड. ते हसले, असं हसले की मला त्यांच्याकडे बघवेना.

"छे हो शेठ. पोरगी भाषणं करते, शाळेत बक्षीस मिळालंय. त्याला काही नाही. उष्णता झालीय जरा. सोमवारी उभा राहील."

"नक्की?"

"नक्की. दिशा, खाली उतर."

मी उतरले. शेठ गेले. मुसळं चालू झाली. मी चाळण घेतली, पण पूड घमेल्याऐवजी जमिनीवर सांडत होती. राधाबाई तोंड फिरवून बसल्या होत्या. रागावल्या असतील, मला वाटलं. बऱ्याच वेळाने त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि कानाशी तोंड आणलं.

"सकाळच्या पारी त्याच्या मुठी पण वळत नाहीत काय?"

"हो."

"आणि केस विंचरताना पण दुखतं?"

"दादाचे केस बारीक आहेत. पण टोपी घातली तरी दुखतं त्याला."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "माझी सून आहे, नम्रता. केस विंचरताना रडते. मी तिला आठ वर्षं ढोंगी बोलते. तिच्या नवऱ्याला पण बोलायला लावते." त्या उखळाकडे बघत राहिल्या. "नाव काय बोललीस त्या रोगाचं? कागदावर लिहून दे."

मी मिरचीच्या पिशवीवर पेनने लिहून दिलं. बाबा माल सारत होते. मान खाली होती, पण हात मंदावला होता. डंकावर काही लपत नाही, हे मी म्हटलंच.

---

रविवारी संध्याकाळी दादा गॅलरीत बसला होता. थोडा बरा होता. मी त्याला सगळं सांगितलं, भाषणसुद्धा, जसंच्या तसं.

"गोणीवर उभं राहून?"

"धण्याच्या."

तो हसला. मग म्हणाला, "मला विचारायचंस ना, दिशा. आजार माझा आहे."

"मी तुझ्या बाजूने बोलले."

"माझ्या बाजूने बोललीस, पण मला न विचारता. बाबा पण तेच करतात. ते नाही म्हणतात, तू हो म्हणतेस."

हे मला लागलं. मी तासभर त्याच्याशी बोलले नाही, म्हणजे माझ्या मानाने खूपच. पण तो बरोबर होता.

बाबा जेवायला बसले तेव्हा दादा आत आला आणि त्यांच्या समोर फरशीवर बसला. भिंतीला टेकून, हळूहळू.

"उद्या मी येणार, बाबा."

बाबांनी घास थांबवला. "येशील? दिवसभर?"

"दिवसभर नाही. अर्धा तास चाळीन, मग पंधरा-वीस मिनिटं पडेन. परत अर्धा तास. मोबाईलला अलार्म लावेन. बरं वाटत असलं तरी अलार्म वाजला की थांबेन. मी पडलो की आई चाळेल. मी विचारलंय तिला."

आई ताट वाढता वाढता म्हणाली, "घरात पंचवीस वर्षं पीठ चाळतेय. जमेल मला."

"आणि शेठला काय सांगू? पोरगा मध्येच झोपतो?"

"आजार आहे म्हणून सांगा."

"मी शनिवारी नाही म्हटलंय सगळ्यांसमोर."

"म्हणूनच तुम्हीच सांगा. दिशा नाही, मी नाही, तुम्ही. उष्णता झालीय सांगून मी नाही येणार, बाबा. बुधवारी तुमच्यासाठी मी ठीक असल्यासारखं केलं. तीन दिवस उठू शकलो नाही. ते रोज नाही जमणार."

"दिनेश काय बोलेल माहीत आहे? गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. उद्या तुझं लग्न जमवायला गेलं की पहिलं हेच काढतील."

"काढू देत."

"एवढं सोपं असतं तर..." बाबा थांबले. ताटातला भात त्यांनी बोटाने एका बाजूला केला, परत मध्ये आणला. "मेल्या, मी एकवीस वर्षं कुणाकडे काही मागितलं नाही."

बाबांनी जेवण टाकलं नाही. सगळं खाल्लं, पण प्रत्येक घास बराच वेळ चावला.

---

सोमवारी साडेसातला आम्ही चौघं गल्लीत शिरलो. दादाने सकाळी सहापासून तयारी केली होती. आईने साडीचा पदर खोचला होता. मी गप्प होते. ठरवलं होतं, आज तोंड उघडायचं नाही.

मधल्या डंकाशी दिनेशकाकांचा भाचा उभा होता. खांद्यावर नवा पंचा, बरोबर अजून एक जण, दोघेही रुंद खांद्यांचे. दिनेशकाकांनी आमच्याकडे बघितलं.

"वा, वरात आली."

शेठ अगरबत्ती लावत होते. लावून झाली, मग वळले. "काय राजेश? जोडी?"

"आहे," बाबा म्हणाले.

मी दादाकडे बघितलं. दादा बाबांकडे बघत होता. बाबांनी डबा खाली ठेवला. मग उचलला. मग परत ठेवला.

"शेठ, एक बोलायचं होतं. शनिवारी मी खोटं बोललो. उष्णता-बिष्णता नाही काही."

"मग?"

"आजार आहे त्याला." बाबांचा आवाज एवढा खाली गेला की शेठ पुढे झुकले. "नाव मला येत नाही. पोरीला येतं. दिसत नाही तो. रिपोर्टात पण नाही येत. मी पण दोन वर्षं मानला नाही. बापाने मानला नाही, तुम्ही कसा मानणार. पण दुखतं त्याचं. खरंच दुखतं, शेठ."

भट्टीवर वैशालीताईंचा झारा थांबला होता. दिनेशकाका काहीतरी बोलणार होते. त्याऐवजी त्यांनी पंच्याने मान पुसली.

"मुसळाशी तो बसणार नाही," बाबा भरभर सांगायला लागले, एकदा तोंड उघडल्यावर बंद करायला घाबरत असल्यासारखे. "मुसळाशी मी. तो फक्त चाळणीवर, अर्धा अर्धा तास. मधल्या वेळात ही उभी राहील. गोण्या मी आणीन. डंक थांबणार नाही."

"डंकावर बाई?" शेठ म्हणाले.

"तीन आठवडे."

शेठने आईकडे बघितलं, दादाकडे बघितलं, बराच वेळ. भाच्याकडे बघितलं. दाराशी पहिलं गिऱ्हाईक पिशव्या घेऊन उभं होतं.

"शनिवारपर्यंत," शेठ म्हणाले. "गिऱ्हाईक खोळंबलं तर मग बोलू नकोस काही. दिनेश, भाच्याला तोवर गोण्यांवर घे."

बाबांनी हात जोडले नाहीत. सरळ उखळाशी जाऊन बसले आणि बटण दाबलं.

पहिलं गिऱ्हाईक करी रोडचीच एक बाई होती. मूठभर धण्यांनी डंक झाडून झाला. मिरच्या पडायला लागल्या, लाल धूळ उठली, सगळे खोकले. दादाने चाळण घेतली. बुधवारसारखी नाही, पण मुसळांच्या ठेक्यात. बाबांचा हात आत-बाहेर, दादाची चाळण डावी-उजवी.

अलार्म वाजला तेव्हा घमेलं अर्धं भरलं होतं. दादाने ऐकला. मी बघितलं, त्याने ऐकला. पण बाई समोर बसली होती, दिनेशकाकांचा भाचा गोणी उचलताना इकडेच बघत होता, आणि दादा चाळतच राहिला. एक मिनिट. दोन. मी ओठ दाताखाली धरले.

"धनेश," बाबा ओरडले, मान वर न करता. "वाजला तुझा. ठेव ती चाळण."

दादाने ठेवली. रिकाम्या गोण्या कोपऱ्यात पसरल्या होत्या, तो त्यांच्यावर आडवा झाला. सगळ्यांसमोर, सकाळी आठ वाजता, धडधाकट दिसणारा तेवीस वर्षांचा मुलगा. हात कपाळावर आडवा घेतला आणि डोळे मिटले. आईने चाळण उचलली.

स्टुलावरची बाई वाकून कोपऱ्यात बघायला लागली. "अगोबाई. झोपला काय हा? बरं नाही का त्याला?"

"नाही," बाबा म्हणाले. मुसळ वर गेलं, त्यांनी माल आत सारला. "दुखतं त्याचं. तुमचा मसाला बारीक करू की मध्यम?"